गेम-शंका : ‘हेलडायव्हर्स २’ नवा आहे, मार जुनाच आहे

‘हेलडायव्हर्स २’ हा गेम ८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्लेस्टेशन ५ आणि विंडोज पीसीवर आला. बनवला स्टॉकहोमच्या ॲरोहेड गेम स्टुडिओजनं, प्रकाशित केला सोनीनं. जास्तीत जास्त चार जणांनी एखाद्या ग्रहावर उतरायचं, नेमून दिलेली कामं उरकायची आणि जमलं तर जिवंत परतायचं, असा एकूण मामला. माणसाविरुद्ध माणूस हा प्रकार यात नाहीच. सुरुवातीला शत्रू दोन होते: टर्मिनिड म्हणजे महाकाय किडे आणि ऑटोमॅटन म्हणजे बंदूकधारी यंत्रमानव. खेळणारे त्यांना सरळ ‘बग’ आणि ‘बॉट’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. २०१५ मधला पहिला भाग वरून खाली पाहत खेळायचा होता, या भागात कॅमेरा खेळाडूच्या पाठीमागे आला आहे.

या गेमबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरं मार्च २०२४ अखेरच्या आवृत्तीला धरून आहेत. हा स्टुडिओ शस्त्रांचे आकडे सारखा बदलतो, तेव्हा पुढच्या अपडेटनंतर एखादी बंदूक हलकी वाटली तर दोष आमच्यावर ढकलू नये.

आम्ही चौघे वॅलोरंट आणि बीजीएमआय हे नेमबाजीचे गेम खेळणारे. नेम चांगला आहे. तरी इथे चौथ्या-पाचव्या डिफिकल्टीला सपाटून मार खातो. नेमकं काय चुकतंय?
— एक वाचक, इचलकरंजी

चुकतंय ते एवढंच, की तुम्ही बंदुकीनं जिंकायला निघाला आहात. या गेममध्ये हातातली बंदूक वेळ काढण्यासाठी आहे. खरा दारूगोळा वर कक्षेत थांबलेल्या तुमच्या जहाजावर असतो आणि तो मागवायच्या सोयीला स्ट्रॅटेजम म्हणतात. मिशनला निघताना प्रत्येकानं आपापले चार निवडायचे. पीसीवर डावं कंट्रोल किंवा प्लेस्टेशनवर एल-१ दाबून धरायचं, बाणांचा क्रम टाकायचा, हातात एक गोळा येतो, तो फेकायचा. गोळा पडेल तिथून प्रकाशाचा खांब उभा राहतो आणि काही सेकंदांत मागवलेली वस्तू तिथे येऊन आदळते. लाल खांब म्हणजे बॉम्ब, तिथून पळायचं. निळा म्हणजे सामान, पण त्याच्याही बरोबर खाली उभं राहू नका. वरून येणारी कुपी माणसाला चिरडते.

तीन क्रम पहिल्याच दिवशी पाठ करा. मेलेल्या सोबत्याला परत बोलावण्याचा: वर, खाली, उजवी, डावी, वर. दारूगोळ्याचा: खाली, खाली, वर, उजवी. ऑर्बिटल प्रिसिजन स्ट्राइकचा, म्हणजे कक्षेतून नेमक्या जागी पडणाऱ्या बॉम्बचा: उजवी, उजवी, वर. अंगावर दहा किडे आलेले असताना पडद्यावरचे बाण वाचत बसायला उसंत मिळत नाही, बोटांनाच पाठ असावं लागतं.

आता पीसीवाल्यांसाठी सर्वांत फायद्याचा बदल. मूळ मांडणीत हे बाण डब्ल्यू-ए-एस-डीवरच असतात, म्हणजे क्रम टाकताना पाय थांबतात. नवखे निम्मे मरतात ते इथेच. सेटिंगमध्ये जाऊन स्ट्रॅटेजमचे चार बाण कीबोर्डच्या बाणांच्या बटणांवर नेऊन ठेवा. मग डाव्या हातानं पळता पळता उजव्या हातानं क्रम टाकता येतो. त्या क्षणापुरता उजवा हात माउसवरून सुटतो, पण पळताना नेम कुठे धरायचा असतो?

दुसरी चूक रीलोडची. तुमच्या गेममध्ये दोन गोळ्या झाडल्या की सवयीनं ‘आर’ दाबलं जातं. इथे मॅगझिन बदललं की जुन्यात उरलेल्या गोळ्या कायमच्या गेल्या. तीसपैकी वीस शिल्लक असताना रीलोड कराल तर वीस फुकट. दारूगोळ्याच्या कुपीत चार डबे असतात, माणशी एक. सोबती लांब असला तरी त्याचा डबा उचलू नका. कुपी एकट्यानं रिकामी करणाऱ्याला लॉबीतून बाहेर काढतात आणि ते बरोबरच आहे.

तिसरी चूक जरा सूक्ष्म आहे. दिसेल त्या शत्रूशी तुम्ही लढत असाल. मारलेल्या शत्रूंची संख्या मिशनच्या निकालात मोजली जात नाही, कामं मोजली जातात. गस्तीची टोळी दुरून जाताना दिसली तर खाली बसा, नाहीतर पोटावर झोपा आणि तिला जाऊ द्या. लढायचंच ठरलं तर आधी कोणाला टिपायचं हे ठरवा. बगमधला एखादा छोटा किडा मागे सरून नारिंगी धूर सोडू लागतो; तो वेळेत मेला नाही तर जमीन फोडून आणखी टोळी वर येते. बॉटमधला शिपाई आकाशात लाल फ्लेअर सोडतो आणि विमानातून कुमक उतरते. मोठ्या धुडाकडे नेम धरून बसाल आणि हा फुटकळ शिपाई सुटेल, तर तेच ठिकाण पुढची पाच मिनिटं सुटत नाही.

सुरुवातीला कोणते स्ट्रॅटेजम विकत घ्यावेत? पैसे कमी, यादी लांब.
— एक वाचक, पुणे

प्रिसिजन स्ट्राइक आणि साधी मशीनगन सुरुवातीपासून मिळते. ‘मिळालेलं ते टाकाऊ’ असं इथे नाही. मशीनगन उभ्यानं चालवली तर नळी वर उसळते, खाली बसून किंवा झोपून चालवली की नीट बसते आणि किड्यांच्या लोंढ्यावर शेवटपर्यंत उपयोगी पडते. रीलोडचं बटण दाबून धरलं तर छोटा मेनू उघडतो आणि तिथे तिचा गोळ्यांचा वेग बदलता येतो. हे गेम स्वतःहून नीट सांगत नाही.

पहिली खरेदी ईगल एअरस्ट्राइकची, म्हणजे विमानानं टाकायच्या बॉम्बची करा. क्रम वर, उजवी, खाली, उजवी. किड्यांची बिळं, बॉटचे कारखाने, मधल्या आकाराचे शत्रू, सगळ्याला चालतो. मात्र त्याची दिशा समजून घ्या: तुम्ही ज्या दिशेला फेकता त्याला आडवी अशी बॉम्बची ओळ पडते. म्हणजे समोरून येणाऱ्या रांगेपुढे तो भिंत घालतो, पण तुमच्या डाव्या-उजव्या बाजूला पुढे सरकलेला सोबती त्या ओळीत सापडतो. स्ट्राफिंग रनचं उलट, ती तुमच्या फेकीच्या दिशेनं सरळ पुढे जाते.

ईगलचे सगळे प्रकार एकाच विमानाचे असल्यानं भरणी एकत्र होते, मोजणी मात्र प्रत्येकाची वेगळी. एअरस्ट्राइक दोनदा, ५०० किलोचा बॉम्ब एकदाच. जहाजाची सुधारणा घेतली की प्रत्येकी एक वाढतो. संपले की विमान परत जाऊन भरून येतं, त्याला साधारण अडीच मिनिटं लागतात. एखादा प्रकार संपला आणि पुढे मोठं ठाणं असेल, तर बाकीचे उरलेले असतानाही विमानाला आधीच परत पाठवा. सगळं संपेपर्यंत थांबलात तर नेमकं ठाण्याच्या दारात हात रिकामे राहतात.

दुसरी खरेदी ईएटी-१७. खांद्यावरून डागायचे, एकदा वापरून टाकून द्यायचे दोन लाँचर एका फेकीत येतात. क्रम खाली, खाली, डावी, वर, उजवी. हातात घ्यायची बहुतेक शस्त्रं आणि पाठीवरच्या बॅगा परत मागवायला ४८० सेकंद लागतात, हे ७० सेकंदांत पुन्हा येतं. मेल्यावर शस्त्र गमावण्याचं दुःखही नाही. नवख्यासाठी यापेक्षा किफायतशीर काही नाही.

५०० किलोच्या बॉम्बला लोक भुलतात. धुराचा डोंगर मोठा दिसतो, पण या आवृत्तीत मारक घेर दिसतो त्याहून बराच लहान होता. गोळा शत्रूच्या अंगावर किंवा पायाशीच पडायला हवा, चार पावलं बाजूला पडला तर फक्त देखावा होतो. आधी वरच्या दोन गोष्टी घ्या, मग याचं पाहा.

आणि रेलगन? या शस्त्राचा बोलबाला फेब्रुवारी २०२४ मधला. ६ मार्चच्या अपडेटनं तिची सुरक्षित मोडमधली चिलखत भेदण्याची ताकद कमी केली, ब्रेकर शॉटगनचं मॅगझिन १६ वरून १३ वर आणलं आणि ढालीची बॅगही सौम्य केली. असुरक्षित मोडमध्ये रेलगन अजून चालते, पण चाप जास्त वेळ दाबून धरला तर ती हातातच फुटते. त्याच अपडेटमध्ये फ्लेमथ्रोअरची ताकद ५० टक्क्यांनी वाढली, त्याकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही.

चार्जर नावाचा जो बैलासारखा किडा धावत येतो, त्याच्यावर दोन-दोन मॅगझिन रिकामी केली तरी काही होत नाही. हा मरतो कसा?
— एक वाचक, सोलापूर

गोळी लागल्यावर नेमाच्या खुणेपाशी छोटं ढालीचं चिन्ह दिसतं का? दिसत असेल तर गोळी चिलखतावरून घसरली, नुकसान शून्य. तिथे दुसरं मॅगझिन रिकामं करूनही ते शून्यच राहणार. गेममधल्या प्रत्येक मोठ्या शत्रूला हाच नियम लागू आहे: चिन्ह दिसलं की जागा बदला, नाहीतर शस्त्र बदला.

चार्जरसाठी ईएटी किंवा रिकॉइललेस रायफल हा खांद्यावरचा रॉकेट लाँचर. या आवृत्तीत त्याच्या डोक्यात एक रॉकेट नीट बसलं तर तो तिथेच आडवा होतो. ‘नीट’ म्हणजे समोरून. बाजूनं मारलं तर खांद्यावर फुटतं आणि तो चालत राहतो. लाँचमधली पद्धतही अजून लागू आहे: पुढच्या पायावर रॉकेट मारलं की चिलखत उडतं, आत लाल मांस उघडं पडतं, मग कोणत्याही साध्या बंदुकीनं तो पाय फोडायचा. डोकं हुकलं आणि पाय लागला तरी हातचं काही गेलं नाही असं समजा.

तो धावत येत असताना मागे पळू नका, त्याचा वेग तुमच्याहून जास्त आहे. अगदी जवळ येऊ द्या आणि आडवी डाइव्ह मारा. वळायला त्याला वेळ लागतो. मोठ्या दगडासमोर उभे राहिलात तर तो दगडावर आपटतो आणि क्षणभर थबकतो, सोबत्याला तेवढी संधी पुरते. चौघांमध्ये एक जण नाचवणारा आणि एक जण मारणारा, अशी वाटणी आधीच ठरवून ठेवा. नाहीतर चौघेही नाचतात आणि मारत कोणीच नाही.

त्याहून मोठा बाइल टायटन. त्याला ऑर्बिटल रेलकॅनन हा कक्षेतून मारा करणारा स्ट्रॅटेजम हा सोपा मार्ग आहे, कारण तो आसपासचा सर्वांत मोठा शत्रू आपोआप हेरतो. एकट्या त्यानं टायटन दर वेळी मरतोच असं नाही, पाठोपाठ डोक्यात रॉकेट तयार ठेवा. तुमचा एखादा सोबती मेलेला असेल तर त्याला परत बोलावण्याचा गोळा टायटनच्या पायाशी फेका. उतरणारी कुपी खेळाडूला थोडी वळवता येते आणि ती डोक्यावर बसली तर त्या टायटनचा हिशेब तिथेच मिटतो. नंतर त्या सोबत्याच्या बढाया ऐकून घ्याव्या लागतील.

बग जमतात, बॉट अजिबात जमत नाहीत. मॅलेव्हलॉन क्रीकवर तर दोन मिनिटं टिकत नाही.
— एक वाचक, ठाणे

तो ग्रह अंधाऱ्या जंगलाचा आहे आणि झाडीतून येणारा लाल लेझर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. पण खरा फरक असा, की किड्यांपासून मागे हटायचं असतं आणि बॉटपासून आडोशाला जायचं असतं. बगची सवय असलेला खेळाडू मोकळ्या मैदानात मागे मागे सरकत गोळ्या मारतो. बॉटसमोर हेच केलं की चार रॉकेट एकदम येतात.

दगडामागून दगडामागे जा. तुमच्यावर गोळीबार होत असताना तुमचा नेम हलतो, तसा तुम्ही मारा करता तेव्हा बॉटचाही बिघडतो, म्हणून एकानं नुसता मारा चालू ठेवणंसुद्धा कामाचं आहे. डेव्हॅस्टेटर हा मधल्या आकाराचा बॉट डोक्यात गोळी घातली की साध्या रायफलनंही मरतो, छातीवर मारत बसू नका. ढालवाला असेल तर ढालीच्या वरून डोकावणारं डोकं बघा. दोन पायांच्या स्काउट स्ट्रायडरला समोर पत्रा आहे, मागून बसलेला चालक उघडा आहे. हल्क या धिप्पाड बॉटचा चमकणारा लाल डोळा हाच त्याचा कच्चा दुवा. ऑटोकॅनन या मागवायच्या तोफेच्या दोन गोळ्या तिथे बसल्या की संपला. पाठीवरच्या झरोक्यांतूनही मरतो, पण पाठ दिसण्यासाठी त्याचं लक्ष दुसऱ्याकडे असावं लागतं.

कारखाना फोडायला मोठं काही लागत नाही. वर जो झरोका उघडझाप करतो त्यात एक ग्रेनेड. ऑटोकॅनन असेल तर तिरक्या कोनातून त्याच झरोक्यात एक गोळी, तीही लांबून. म्हणूनच बॉटविरुद्ध चौघांत एक तरी ऑटोकॅननवाला असावा असं आमचं ठाम मत आहे. ती बॅगेसकट येते, म्हणजे ढालीची बॅग सोडावी लागते. सोडावी.

माझेच मित्र मला मारतात! फ्रेंडली फायर बंद कसं करायचं?
— एक वाचक, रत्नागिरी

बंद होत नाही, तसा पर्यायच ठेवलेला नाही. मग उपाय वागण्यातले. सोबती मागून मारा करत असेल तर पुढच्यानं खाली बसायचं, उठायचं असेल तर आधी सांगायचं. मॉर्टर सेंट्री बगविरुद्ध टाळा. किडे तुमच्या अंगाला भिडलेले असतात आणि तोफ नेम धरते ती किड्यावर, म्हणजे तुमच्यावरच. बॉट लांब उभे राहतात, तिथे तीच तोफ छान चालते. विजेचा झटका देणाऱ्या टेस्ला टॉवरजवळ सापडलात तर पोटावर झोपून सरपटत बाहेर या, झोपलेल्याला तो सहसा पकडत नाही. गार्ड डॉग रोव्हर हा पाठीवरचा लेझरवाला ड्रोन मालकाचं रक्षण करताना मध्ये कोण आलं ते पाहत नाही, तो घेतलेल्यापासून जरा अंतर ठेवा.

लाल गोळा फेकण्याआधी माइकवर ‘एअरस्ट्राइक, पुलाकडे’ एवढं बोललं तरी निम्मे अपघात टळतात. गोळा हातात असताना मार लागला तर तो पायाशीच गळून पडतो, तेव्हा मात्र बोलत थांबू नका, धूम ठोका. परत बोलावण्याची संख्या माणशी पाच, चौघांत वीस, आणि ती सामायिक असते. एका चुकीच्या बॉम्बात तिघे गेले तर तीन गेले. वीस संपल्यावर दर दोन मिनिटांनी एकच मिळतो.

मुलाकडे जीटीएक्स १०५० टीआय आणि ८ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप आहे. चालेल का? आणि गेमबरोबर काहीतरी ‘कर्नल’मधलं सॉफ्टवेअर येतं म्हणतात, ते काय?
— एक वाचक, लातूर

किमान गरजेच्या यादीत हेच ग्राफिक्स कार्ड आणि एवढीच रॅम आहे, म्हणजे सुरू होईल. चैनीत चालणार नाही. शिफारस आरटीएक्स २०६० आणि १६ जीबीची आहे. आमचा सल्ला: पैसे मर्यादित असतील तर कार्डाआधी रॅम १६ करा. ८ जीबीवर मागे ब्राउझर उघडा असला की गर्दीच्या क्षणी गेम अडखळतो, आणि या गेममध्ये गर्दीचे क्षण सोडून दुसरे फार नसतात. २०२४ च्या यादीत डिस्कवर १०० जीबी मोकळी मागितली होती, ती शक्यतो एसएसडीवर ठेवा.

सेटिंगमध्ये सर्वांत आधी ‘रेंडर स्केल’ खाली आणा. ‘परफॉर्मन्स’वर चित्र थोडं धूसर होतं, पण वेग लगेच वाढतो. त्यानंतर धुकं आणि ढगांचं ‘व्हॉल्यूमेट्रिक’ कमी करा. टेक्स्चर शेवटी बघा. किडे वाढले की वेग पडत असेल आणि रेंडर स्केल कमी करूनही फरक पडत नसेल, तर अडचण कार्डाची नसून प्रोसेसरची आहे, तिथे सेटिंग फार मदत करत नाहीत. गेम अचानक बंद पडत असेल तर ‘असिंक कम्प्यूट’ बंद करून पाहा. हा गेम ऑटोडेस्कच्या स्टिंगरे या इंजिनवर बनला आहे आणि ते इंजिन २०१८ मध्येच विक्रीतून काढलं गेलं. स्टुडिओलाच ते वागवत न्यावं लागतं, हे लक्षात ठेवा.

‘कर्नल’वाली गोष्ट म्हणजे एनप्रोटेक्ट गेमगार्ड हे फसवेगिरी रोखणारं सॉफ्टवेअर. ते विंडोजच्या अगदी गाभ्याच्या पातळीवर, संपूर्ण परवानगीनिशी चालतं. गेम सुरू असताना चालतं, गेम बंद केला की थांबतं. घरच्या बँकेचे व्यवहार, कार्यालयाची कामं त्याच मशिनवर असतील आणि ही कल्पना पटत नसेल, तर प्लेस्टेशनवर हा प्रश्न येत नाही. तिथे वेगळा खर्च आहे: ऑनलाइन खेळायला पीएस प्लसचं सदस्यत्व लागतं, पीसीवर लागत नाही. एकट्यानं खेळतो म्हटलं तरी इंटरनेट दोन्हीकडे हवंच.

मी नाशिकला पीसीवर, भाऊ न्यू जर्सीत प्लेस्टेशनवर. एकत्र खेळता येईल?
— एक वाचक, नाशिक

येईल. पीसी आणि प्लेस्टेशन ५ एकत्र खेळतात. एकमेकांना गेममधल्या मैत्री-कोडनं जोडून घ्या. सुरुवातीच्या आठवड्यांत या विनंत्या दिसत नसल्याच्या तक्रारी होत्या. तसं झालं तर दोघांनीही गेम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि कोड दुसऱ्या बाजूनं पाठवून पाहा.

मिशन चालू असताना खेळाडूंची यंत्रं एकमेकांशी थेट बोलतात, आणि ज्याच्या जहाजावरून निघालात तो यजमान. ज्याचं कनेक्शन स्थिर आहे, शक्यतो लॅनच्या वायरीनं जोडलेलं आहे, त्याच्या जहाजावर जमा. गच्चीवरच्या खोलीत वाय-फायवर खेळणारा यजमान झाला, तर चौघांचेही किडे जागच्या जागी उड्या मारतात. मध्येच तुमची वीज गेली तर मिशन बुडत नाही, यजमानपद दुसऱ्याकडे जातं. तुम्ही भावाच्या लॉबीतून परत शिरा.

वेळेचं म्हणाल, तर उन्हाळ्यात अमेरिकेची घड्याळं पुढे असतात तेव्हा अंतर साडेनऊ तासांचं असतं. तेव्हा शनिवारी तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात म्हणजे त्याच्याकडे सकाळचे दहा. एका पूर्ण मिशनची मर्यादा ४० मिनिटं असते आणि पाचव्या डिफिकल्टीपासून वर एका ऑपरेशनमध्ये तीन मिशन असतात, तेव्हा दोन तास हाताशी ठेवा. ऑपरेशन अर्धवट सोडलं तर सगळे खेळाडू मिळून त्या ग्रहासाठी लढत असलेल्या सामायिक लढाईत तुमचा वाटा धरला जात नाही.

‘सर्व्हर भरले आहेत’ हे अजून येतं का?
— एक वाचक, अहमदनगर

फेब्रुवारी २०२४ मध्ये यायचं. इतके लोक येतील असं स्टुडिओला वाटलंच नव्हतं. महिन्याच्या मध्याला एका वेळचे खेळाडू साडेचार लाखांपुरते मर्यादित करावे लागले, आठवड्याभरात ती मर्यादा सात लाखांवर नेली. लोक रांग टाळायला गेम चालूच ठेवून झोपायचे, म्हणून निष्क्रिय खेळाडूला बाहेर काढायची सोयही आली. आता सहसा अडत नाही.

मुलगा १३ वर्षांचा आहे. ‘किडे मारायचा गेम आहे’ म्हणतो. घेऊन द्यावा का?
— एक पालक, डोंबिवली

किडे मारायचाच आहे, पण युरोपच्या पेगी मानांकनानुसार १८ आणि अमेरिकेत १७ वर्षांवरच्यांसाठी आहे. हातपाय तुटतात, रक्त उडतं, आणि ते खेळाडूचंही उडतं. वरवरचा देशभक्तीचा डंका हा मुळात उपहास आहे. सरकार सांगतं म्हणून वीस वर्षांची पोरं हसत मरायला जातात, यावरचा तो चिमटा आहे, आणि तो १३ व्या वर्षी उपहास म्हणून पोचेलच असं नाही.

शिवाय अनोळखी माणसांचा आवाज. देऊच असं ठरलं तर लॉबी ‘फक्त मित्रांसाठी’ ठेवा आणि व्हॉइस चॅट बंद करा. पण आमचं मत विचाराल तर दोन-तीन वर्षं थांबा.

मिशन झालं पण विमानात चढताना मेलो. सगळं वाया गेलं का? आणि गुलाबी नमुने कुठे असतात?
— एक वाचक, नागपूर

मुख्य काम झालं असेल तर मिशन यशस्वीच धरलं जातं. जातात ते नमुने, म्हणजे जहाजाच्या सुधारणांसाठी लागणारा कच्चा माल. कोणीही एकानं ते विमानात नेले की चौघांनाही मिळतात, म्हणून शेवटी ज्याच्याकडे जास्त नमुने आहेत त्याला मध्ये ठेवून चढवा. मेलात तर ते तिथेच सांडतात, सोबत्यानं उचलले तर शाबूत.

हिरवे सगळीकडे, नारिंगी चौथ्या डिफिकल्टीपासून, गुलाबी या आवृत्तीत सातव्यापासून. गुलाबी शोधायला नकाशा पालथा घालू नका. एका वेगळ्याच रंगाचा, चकचकीत, उंच उभा दगड शोधा. त्याचा आकार पाहून चौघांपैकी कोणीतरी हसेलच. त्याच्या पायथ्याशीच ते असतात. दगड दिसला की नकाशावर खूण करा आणि मुख्य काम उरकून परतताना उचला. आधी उचलले तर मिशनभर सांभाळत फिरावं लागतं.

विमान बोलावल्यावर दोन मिनिटं तग धरायचा असतो. पहिला माणूस चढला की उलटी गणती सुरू होते, म्हणून लांब असलेल्या सोबत्याची वाट न पाहता आत उडी मारणं म्हणजे त्याला मागे सोडणं. ४० मिनिटं संपली तर विमान आपसूक येतं, पण जहाज निघून गेलेलं असतं. एकही स्ट्रॅटेजम चालत नाही, मेलेल्यालाही परत बोलावता येत नाही. उरते हातातली रायफल. तेव्हा घड्याळात आठ-दहा मिनिटं शिल्लक असतानाच विमानाकडे वळा.

वॉरबाँड विकत घ्यायलाच हवेत का?
— एक वाचक, मडगाव

नाही. वॉरबाँड म्हणजे मिशनमध्ये मिळणारी मेडल देऊन टप्प्याटप्प्यानं उघडायची शस्त्रं-चिलखतांची यादी. ४० डॉलरच्या मूळ गेमबरोबर एक वॉरबाँड फुकट येतो आणि तो पुरा करताना ७५० सुपर क्रेडिट, म्हणजे गेममधलं चलन, मिळतात. विकतचा वॉरबाँड १,००० ला. उरलेले २५० मिशनमध्ये सापडतात, बहुधा दहा-दहाच्या हप्त्यानं. सोप्यातली सोपी डिफिकल्टी घ्या आणि नकाशावरची छोटी ठिकाणं हिंडा. कंटेनरची दारं ग्रेनेडनं उडवा. बंद बंकरच्या दाराला दोन बटणं असतात आणि ती दोघांनी एकाच वेळी दाबावी लागतात, तेव्हा एखादा सोबती बरोबर न्या. वॉरबाँडला मुदत नाही, त्यामुळे घाई कसलीच नाही.

एक सूचना चिलखताबद्दल. लाँचच्या आवृत्तीत जड चिलखताचा आकडा चक्क कामच करत नव्हता, त्यामुळे जुने सल्ले ‘हलकंच घाला’ असे दिसतील. ते दुरुस्त झालं आहे. बगविरुद्ध पळायला हलकं, बॉटविरुद्ध मध्यम किंवा जड, आणि त्यासाठी दुकानात क्रेडिट घालायची गरज नाही, फुकटच्या वॉरबाँडमधलं पुरतं. साठलेली मेडल आधी ‘हेलपॉड स्पेस ऑप्टिमायझेशन’ या बूस्टरवर, म्हणजे अख्ख्या चमूला मिळणाऱ्या सवलतीवर घाला. तो नसेल तर उतरताना ग्रेनेड आणि इंजेक्शनं निम्मीच मिळतात. चौघांपैकी एकानं घेतला तरी सगळ्यांना लागू होतो, दुसऱ्यानं तोच घेऊ नये.